नाकारलेल्या अर्जांची वही

डिचोली तालुक्यातले मुळगाव केळबाईच्या देवस्थानासाठी जितके ओळखले जाते तितकेच ते आता आपल्या डोंगरातल्या लोहखनिजासाठीही ओळखले जाते. आणि ज्या गावाच्या जमिनीखाली खनिज आहे त्या गावात नोकरी हा निव्वळ पोटापाण्याचा प्रश्न कधीच राहत नाही, तो हक्काचा, मानाचा आणि पुष्कळदा रोषाचा प्रश्न होऊन बसतो. २०१२च्या सप्टेंबरात सरकारने खाणी बंद केल्या आणि पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीवर आपली मोहोर उठवली; मधल्या काळात काही खाणी चालू झाल्या, तोच ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने त्या १६ मार्चपासून पुन्हा थांबल्या. २०२२च्या डिसेंबरात झालेल्या लिलावात डिचोलीचा खनिजपट्टा वेदांता कंपनीकडे गेला, त्यात मुळगावचीही जमीन आली, आणि २०२४ साली तेथे खाणकाम पुन्हा सुरू झाले. या अवधीत ट्रक घेतलेल्याचा हप्ता थकला, यंत्र चालवणारा परगावी गेला, गॅरेजवाल्याने दुकानाचे दार ओढून घेतले, आणि जी पिढी दहावीत होती ती पदवी घेऊन अर्ज करू लागली. उत्तरेस पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ उभा राहिला, ५ जानेवारी २०२३ रोजी तेथून विमाने उडू लागली, आणि ज्यांच्या काजूच्या बागा व भरडाच्या जमिनी त्या पठारावर गेल्या त्यांच्या घरांतही तोच प्रश्न उभा राहिला, जो मुळगावात चहाच्या हॉटेलात बसणारा प्रत्येक बाप विचारतो : आमच्या भुरग्यांक कोण घेता?

या प्रश्नात आरोप आहे. मुलगा शिकलेला होता, त्याने अर्ज केला होता, आणि तरी त्याला घेतले नाही, याला काही तरी अन्याय्य कारण असले पाहिजे, असे तो बाप म्हणतो. कोणी म्हणतो, गावचा म्हणून नाकारला, कारण गावचा माणूस उद्या धुळीबद्दल तक्रार करील. कोणी म्हणतो, जातीमुळे. मुलगी असेल तर तिला कारण विचारण्याचीही गरज वाटत नाही. या आरोपांपैकी कोणता खरा आणि कोणता खोटा हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, आणि कोणत्याही एका कंपनीला किंवा खात्याला दोषी ठरवण्याचा या लेखनाचा हेतूही नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की हा आरोप तपासता येतो. भेदभाव ही केवळ मनात सलणारी गोष्ट नाही, ती मोजण्याच्या रीती गेल्या शतकभरात माणसाने कष्टाने घडवल्या आहेत. आणि आपल्याकडे त्या निरुपयोगी ठरतात त्या गणित अवघड आहे म्हणून नव्हे, तर ज्या एका नोंदीवर ते सारे गणित उभे राहते ती नोंद आपण ठेवतच नाही म्हणून.

ग्रामसभेत बहुधा एकच आकडा मागितला जातो : गावातले किती लागले? समोरचा अधिकारी बारा म्हणतो, गावकरी सात म्हणतात, आणि सारा वाद बारा की सात यात अडकून पडतो. परंतु बारा हा नुसता अंश आहे, त्याच्याखाली छेद नाही. बारा जण चौदा अर्जांतून लागले असतील तर तक्रारीला जागा नाही. एकशे चाळीस अर्जांतून लागले असतील आणि त्याच वेळी दुसऱ्या गटातल्या साठांपैकी तीस जण घेतले गेले असतील, तर तक्रार गंभीर आहे. नेमलेल्या माणसाचे नाव हजेरीपटावर असते, पगारपत्रकावर असते, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर असते. नाकारलेल्या माणसाचे नाव कोठेच नसते. डिचोलीच्या बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात, सरकारी जाहिरात आली की मुलामुलींची रांग लागते : मामलेदार कचेरीतून आणलेला पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रके, प्रत्येकाची प्रत, प्रत्येक प्रतीवर सही, आणि मग तो जाड लिफाफा. खाजगी कारखान्यात हाच गठ्ठा थोडा पातळ असतो आणि फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या हाती दिला जातो. तो पुढे कोणाच्या टेबलावर गेला, कोणी वाचला, कोणत्या कारणाने बाजूला ठेवला, याचा मागमूस मागे उरत नाही. छेद नाहीसा होतो तो येथे.

आकडा मांडून अन्याय दाखवण्याचे काम मराठी मुलखात कोल्हापूरच्या दरबाराइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी केले असेल. १८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते आणि कारकुनांच्या ५०० जागांपैकी अवघ्या १० जागा ब्राह्मणेतरांकडे होत्या, ही गणती आज शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्याने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, आणि १९१२पर्यंत अधिकाऱ्यांच्या ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ उरल्या. या गोष्टीचे स्मरण आपण आरक्षणाच्या इतिहासाचा आरंभ म्हणून करतो, ते योग्यच आहे. परंतु मला तीत मोजणाराची दृष्टी अधिक मोलाची वाटते. महाराजांच्या विरोधकांचे म्हणणे असे, की शिकलेली माणसेच त्या एका जातीत आहेत, मग दुसरे कोण नेमणार? म्हणजे वाद छेदाचा होता. महाराज संस्थानची सारी प्रजा छेदात धरीत होते, विरोधक फक्त शिकलेले लोक धरीत होते. दोन्ही छेदांना अर्थ आहे. पहिल्याने समाजातली विषमता दिसते, दुसऱ्याने नेमणूक करणाराचा पक्षपात दिसतो. आणि महाराजांनी एकीकडे जागा राखल्या व दुसरीकडे १९०१पासून वसतिगृहांची मालिका उभी करून तो दुसरा छेदच रुंद करायला घेतला, यात त्यांना हा भेद पुरता उमगला होता हे दिसते.

त्या काळी पुष्कळसा भेदभाव मोजण्याची गरजही नव्हती, कारण तो लपवलेला नव्हता. १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा 'लढाऊ जमाती' नावाच्या सिद्धांताखाली ती उघड बंद झाली, आणि दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी जे विनंतीअर्ज केले त्यांत त्यांना भेदभाव सिद्ध करावा लागला नाही, फक्त तो अन्याय्य आहे हे सांगावे लागले. आमच्या गोव्यात पोर्तुगीज अमदानीत हिंदूंना सरकारी चाकरीची दारे दीर्घकाळ बंद होती आणि १९१०च्या प्रजासत्ताकाने ती कायद्याने उघडली. तीही बंदी उघड होती. फार कशाला, १९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले होते, आणि सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना एक पोस्टकार्ड लिहून त्याबद्दल जाब विचारला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. छापलेल्या वाक्याला उत्तर द्यायला एक पोस्टकार्ड पुरते. वाक्य छापायचे बंद होते आणि वागणूक मात्र तीच राहते, तेव्हा मोजदादीचे खरे काम सुरू होते.

मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाजवाहतूक कंपनीतल्या ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला या दोन अवस्थांच्या सीमेवरचा आहे. त्या 'लेडी स्टेनोग्राफर' म्हणून कामाला होत्या. पुरुष लघुलेखक जे काम करीत तेच त्या करीत, आणि त्यांना पगार कमी होता. १९७७च्या जूनमध्ये त्यांची नोकरी संपली, तेव्हा १९७६च्या समान वेतन कायद्याखाली त्यांनी दाद मागितली. कंपनीचे म्हणणे असे, की वेतनश्रेणी कामगार संघटनेशी झालेल्या करारातून ठरलेली आहे, आणि या जागा अधिकाऱ्यांच्या खाजगी कामाच्या, म्हणून वेगळ्या आहेत. २६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो असा, की जागेचे नाव निराळे ठेवल्याने काम निराळे होत नाही. कामाची तुलना वरवरची न करता त्यातील कौशल्य, कष्ट व जबाबदारी पाहून करावी, आणि करार झाला म्हणून कायदा मोडण्याची मुभा मिळत नाही. या निकालात मोजणाराला एक महत्त्वाचा धडा आहे. ज्या रकान्यांत तुम्ही माणसे वाटता ते रकाने कोणी आखले, हे आधी तपासावे लागते.

आता मुकेपणाने होणाऱ्या नकाराकडे वळू. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांच्यासह २००५च्या ऑक्टोबरापासून ६६ आठवडे जो प्रयोग चालवला तो माझ्या मते या विषयातले भारतीय भूमीवरचे सर्वांत स्वच्छ काम आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिराती त्यांच्या गटाने कापून ठेवल्या. प्रत्येक जाहिरातीला शिक्षण व अनुभव यांत तुल्यबळ असे अर्ज पाठवले, आणि फरक ठेवला तो फक्त नावात : एक नाव उच्चवर्णीय वाटणारे, एक दलित वाटणारे, एक मुस्लिम. अर्जात जात लिहिलेली नव्हती, धर्म लिहिलेला नव्हता. ५४८ जाहिरातींना असे ४,८०८ अर्ज गेले, आणि मग संशोधक मुलाखतीच्या निरोपांची वाट पाहत बसले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची संभाव्यता उच्चवर्णीय नावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाची सुमारे एक-तृतीयांश. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या १३ ऑक्टोबर २००७च्या अंकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. येथे मुलाखत झालेली नाही, उमेदवाराचा चेहरा कोणी पाहिलेला नाही, त्याची बोली कोणी ऐकलेली नाही. लिफाफा उघडणाऱ्या हाताने केवळ नाव वाचले आहे.

या रीतीची थोरवी अशी, की तीत नाकारलेल्यांची वही संशोधक स्वतःच ठेवतो. किती अर्ज गेले, कोणाचे गेले, ते एकमेकांशी किती तुल्य होते, हे त्याला पक्के ठाऊक असते, कारण ते त्यानेच लिहिलेले असतात. कंपनीच्या दप्तराची त्याला गरज पडत नाही. अमेरिकेत मारियान बर्ट्रँड व सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागो येथे केलेल्या अशाच प्रयोगात गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांच्या दीडपट बोलावणी आली होती. मात्र अशा प्रयोगांचे उत्तर सर्वत्र एकसारखे येत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दिल्लीच्या परिसरात ३७१ नोकऱ्यांना ३,१६० अर्ज पाठवून झालेल्या एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, सॉफ्टवेअरच्या जागांवर जातीचा परिणाम आढळला नाही, कॉलसेंटरच्या जागांवर तो आढळला. म्हणजे भेदभाव हा हवेसारखा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो अमुक धंद्यात, अमुक जागेवर असतो आणि शेजारच्या जागेवर नसतो, आणि म्हणूनच तो आहे असे गृहीत धरणे जितके चुकीचे तितकेच तो नाही असे गृहीत धरणेही.

हा प्रयोग गोव्यात जसाच्या तसा चालेल असे मला वाटत नाही. नाईक, गावकर, परब ही आडनावे आमच्याकडे एकाहून अधिक समाजांत आहेत. लिफाफ्यावरचे नाव येथे पुरेसे बोलत नाही. येथे बोलतो तो वाडा, आणि बोलतो तो मुलाखतीच्या टेबलावर सहज आपुलकीने विचारलेला प्रश्न : तूं कोणालो? कोणाचा मुलगा, कोणत्या वाड्यावरचा, कोणत्या देवळाचा महाजन, याची उत्तरे त्या एका प्रश्नातून क्षणात बाहेर येतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात पुष्कळदा तिळमात्रही कपट नसते. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीच्या मोठ्या कंपन्यांतील मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून जे लिहिले आहे त्यात हाच प्रश्न 'कौटुंबिक पार्श्वभूमी' या सभ्य नावाने भेटतो : वडील काय करतात, भावंडे किती शिकली, घर कोठे आहे. उमेदवाराच्या गुणवत्तेवर आपण निखालस विश्वास ठेवतो असे सांगणारे अधिकारीच हे प्रश्न आवश्यक मानत होते. माझे मत स्पष्ट आहे : मुलाखतीच्या कागदावर हा प्रश्न विचारला गेला की नाही याची नोंद असावी, कारण गोव्यात जात नावाच्या नव्हे तर ओळखीच्या वाटेने खोलीत शिरते.

आता गणिताकडे थोडे सावकाशीने पाहू, कारण येथेच आरोप करणारे आणि आरोप नाकारणारे दोघेही फसतात. समजा, एका कारखान्यात पंचवीस अर्ज आले, पंधरा बाहेरगावचे व दहा गावातले, सर्वजण सारखेच पात्र. पाच जण घेतले गेले, त्यांत बाहेरचे चार आणि गावातला एक. गावात संताप होईल. परंतु पंचवीस चिठ्ठ्या घागरीत टाकून डोळे मिटून पाच काढल्या, तरी गावातली एक किंवा एकही नाही असे शंभरात सुमारे एकतीस वेळा घडेल. एवढ्यावरून कोणालाही पक्षपाती म्हणता येणार नाही. आता हेच प्रमाण चौपट करा : शंभर अर्ज, साठ बाहेरचे, चाळीस गावातले, वीस नेमणुका, सोळा बाहेरच्या, चार गावातल्या. टक्केवारी तीच आहे, परंतु निव्वळ नशिबाने असे होण्याचा संभव आता शंभरात जेमतेम चारांवर येतो. गावाच्या वाट्याला आठ नेमणुका याव्यात अशी अपेक्षा, आल्या चार; आणि ही तूट संख्याशास्त्रज्ञ ज्याला प्रमाणविचलन म्हणतात त्याच्या दुपटीच्या किंचित पुढे जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दोन निरनिराळ्या खटल्यांत, अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांतील अंतर दोन-तीन प्रमाणविचलनांच्या पलीकडे गेले तर ते योगायोगाचे मानणे कठीण, असा दंडक सांगितला. त्याच्या पुढच्याच वर्षी तेथल्या सरकारने चार-पंचमांशाचा सोपा नियम केला : एका गटाचे निवडीचे प्रमाण सर्वांत यशस्वी गटाच्या ऐंशी टक्क्यांहून कमी असेल तर चौकशीला कारण आहे असे समजावे. वरच्या दोन्ही उदाहरणांत ते प्रमाण चाळिसाच्याही खाली आहे. पण पहिल्यात पुरावा दुबळा आणि दुसऱ्यात बळकट आहे. टक्केवारी ओरडून सांगणाऱ्या माणसाला एकूण संख्या विचारावी ती यासाठी.

बढतीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. तो समजण्यासाठी आधी प्रवेशाचे एक उदाहरण घेऊ. १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. पक्षपात उघड दिसत होता. विभागवार पाहिले तेव्हा तो विरून गेला : ज्या विभागांत प्रवेश मिळणे सर्वांनाच कठीण तेथे स्त्रियांचे अर्ज अधिक होते. म्हणून मोजणाऱ्याने सारख्याची तुलना सारख्याशीच करावी, कारकुनाची कारकुनाशी, चालकाची चालकाशी, असा धडा यातून सगळे घेतात. धडा खरा आहे, पण अर्धा. नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात १९६५पर्यंत काळ्या कामगारांना फक्त मजूर विभागात घेत, आणि त्या विभागातला सर्वांत मोठा पगार इतर विभागांतल्या सर्वांत लहान पगाराहून कमी होता. नागरी हक्कांचा कायदा लागू झाला तेव्हा कंपनीने बंदी उठवली, आणि वरच्या विभागात जाण्यासाठी माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र व बुद्धिमापनाच्या चाचण्या आवश्यक केल्या. १९६०च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात ३४ टक्के गोऱ्या पुरुषांनी आणि अवघ्या १२ टक्के काळ्या पुरुषांनी ती शाळा पुरी केलेली होती. येथे विभागवार तुलना केली असती तर मजूर मजुरासारखाच वागवला जातो असे दिसून सारे आलबेल ठरले असते, कारण अन्याय विभागाच्या आत नव्हता, तो विभाग करण्यातच होता. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अट वरून कितीही निःपक्षपाती दिसो, ती एका समाजाला अधिक प्रमाणात गाळत असेल आणि प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध दाखवता येत नसेल, तर ती चालणार नाही.

आपल्याकडे हा विचार पूर्ण स्वरूपात आला तो सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या खटल्यात, २५ मार्च २०२१ रोजी, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे मराठी गृहस्थ होते ही आनंदाची गोष्ट. आदल्या वर्षी स्त्रियांना कायम नियुक्ती देण्याचा हुकूम झाला होता. सैन्याने तो मानला, आणि त्यांची पात्रता पुरुषांच्याच निकषांवर तपासली. कागदावर समता पुरी झाली. परंतु ज्या गोपनीय अहवालांवरून गुण दिले गेले ते अशा काळी लिहिलेले होते, जेव्हा स्त्रीला कायम नियुक्ती मिळणारच नव्हती. वरिष्ठाने ते बेफिकिरीने भरले होते, कारण त्यांवर काही अवलंबून नव्हते. पुरुष अधिकारी ज्या शारीरिक कसोटीला पंचविशी-तिशीत उतरला होता ती स्त्रीला चाळिशी-पन्नाशीत द्यावी लागत होती, कारण तिचा हक्कच तितक्या उशिरा मान्य झाला. एक निकष, एक कसोटी, आणि तरी अन्याय. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले, आणि तो सिद्ध करण्यासाठी कोणाचा दुष्ट हेतू दाखवण्याची गरज नाही, परिणाम दाखवावा, असे ठरवले. डिचोलीतल्या एखाद्या कचेरीत पंधरा वर्षे कंत्राटी राहून मग कायम झालेल्या स्त्रीची ज्येष्ठता जेव्हा कायम झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते, तेव्हा हा निकाल आठवावा असे मला वाटते.

कोणी म्हणेल, सरकारी नोकरीत बिंदुनामावली आहे, मग वेगळे मोजमाप कशाला? बिंदुनामावलीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. १९९५च्या सबरवाल खटल्यापासून ती रिक्त जागांवर न चालता संवर्गातल्या पदांवर चालते, प्रत्येक पदाला एक बिंदू, प्रत्येक बिंदूसमोर प्रवर्ग, आणि नेमलेल्याचे नाव. सरकारी दप्तरात इतकी शिस्तबद्ध नोंद दुसरी क्वचितच असेल. परंतु ती राखीव जागा भरल्या की नाही एवढेच सांगते. खुल्या जागेवर आदिवासी उमेदवाराला बसू दिले जाते का, हे ती सांगत नाही. शिवाय गोव्यासारख्या लहान राज्यात अनुसूचित जातींना दोन टक्के जागा, म्हणजे हिशेबाने पन्नासांत एक, आणि अनुसूचित जमातींना, म्हणजे २००३ साली यादीत आलेल्या गावडा, कुणबी व वेळीप समाजांना, बारा टक्के. संवर्ग सात-आठ पदांचा असेल तर तो बिंदू यायला एक पिढी जाते. पदोन्नतीतल्या आरक्षणासाठी अपुरे प्रतिनिधित्व आकड्यांनी दाखवा, असे २००६च्या नागराज निकालाने सांगितले, आणि ते आकडे संवर्गवार हवेत असे २०२२च्या जानेवारीत जर्नेलसिंग खटल्यात ठरले. म्हणजे न्यायालय गेली वीस वर्षे सरकारकडे तक्ते मागत आहे.

खाजगी क्षेत्रात तक्ता मागणाराच नाही. १९५९च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर रिक्त जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवण्याची सक्ती घातली होती, खाजगीवरसुद्धा. ती किती निष्ठेने पाळली गेली हे त्या केंद्रांत चकरा मारणाऱ्या मुलांना विचारावे. शेअरबाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३पासून सेबीच्या नियमाने स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांचा मध्यक पगार जाहीर करावा लागतो, ही चांगली सुरुवात आहे. पण अर्ज किती जणींनी केले हे तेथेही विचारलेले नाही, जातीचा तर रकानाच नाही. आणि खाणीवर, विमानतळावर, औषधांच्या कारखान्यांत बहुसंख्य माणसे ठेकेदारामार्फत येतात. ठेकेदार जाहिरात देत नाही. तो आपल्या मुकादमाला सांगतो, मुकादम आपल्या ओळखीच्याला. तेथे अर्जच नसतो, म्हणून नकारही नसतो, आणि ज्याला कधी कळलेच नाही की जागा होती, त्याची मोजणी कोणत्याही सूत्राने होत नाही.

भाषेच्या अटीबद्दल आमच्या तालुक्यांत सध्या मने तापलेली आहेत. सरकारी जागांसाठी कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, हा शिरस्ता आहे. पेडणे-डिचोलीत घरातली बोली कोकणी आणि लिहिण्या-वाचण्याची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी, त्यामुळे लेखी परीक्षेतली अट येथल्या मुलांना जाचते असे पुष्कळांना वाटते. मी स्वतः मराठीत लिहिणारा आहे, तरीही माझे म्हणणे असे, की या वादात दोन्ही बाजूंनी भावना मांडण्यापूर्वी तालुकावार निकाल मागावा : पेडणे, डिचोली, सत्तरी, सासष्टी येथून किती बसले, भाषेच्या पेपरात किती गळले, आणि गळलेल्यांना ते पद सांभाळायला खरोखर किती कोकणी लिहावी लागली असती. आकडे आमच्या तक्रारीविरुद्ध गेले तर ते स्वीकारण्याची तयारी हवी.

जातीचे आकडे हवे असतील तर जात नोंदवावी लागेल, आणि अर्जावर जात लिहिली तर तीच पाहून नाकारतील, ही भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय आहे : ही माहिती अर्जाला न जोडता निराळ्या चिठ्ठीवर घ्यावी, चिठ्ठीवर केवळ अर्जाचा क्रमांक असावा, आणि निवड संपेपर्यंत ती निवड समितीच्या हाती पडू नये. उत्तर देणे न देणे उमेदवाराच्या मर्जीवर असावे. ब्रिटनमध्ये अनेक संस्था याच रीतीने माहिती गोळा करतात.

म्हणून मुळगावच्या, आणि पेडण्यापासून सांखळीपर्यंतच्या प्रत्येक ग्रामसभेने आता 'इतके टक्के स्थानिक घ्या' या ठरावाच्या आधी दुसरा एक ठराव करावा असे मी सुचवतो. गावाच्या हद्दीत काम करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने व तिच्या प्रत्येक ठेकेदाराने जागा फलकावर लावावी. प्रत्येक अर्जाला क्रमांक व पोच द्यावी. जागा कोणती, अर्जदार कोणत्या गावचा, स्त्री की पुरुष, शिक्षण काय, अर्ज कोणत्या पायरीवर थांबला आणि कोणत्या कारणाने, एवढे नोंदवावे. आणि नावे वगळून त्याचा तक्ता दरवर्षी पंचायतीच्या दप्तरी द्यावा. पंचायत त्या तक्त्याची सक्ती कदाचित करू शकणार नाही, पण मागणी करू शकते, आणि खनिजासाठी गावाची संमती व सद्भावना हवी असणाऱ्या कोणालाही ती नाकारणे जड जाईल. दरम्यान गावातल्या मुलामुलींनी स्वतःच्या अर्जांची एक सामायिक वही वाचनालयात ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. एका वर्षाच्या नोंदीत पंचवीस अर्ज आणि पाच नेमणुका असतील, आणि त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही. सोळा आणि चार असा निकाल दिसायचा असेल तर चार वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्या लागतील. त्या वहीचे पहिले पान या दिवाळीनंतरच्या पहिल्या जाहिरातीला लिहिले गेले पाहिजे.